गळणारी काळी पूड

रिफिल केलेली टोनर कार्ट्रिज गळते म्हणजे काय होतं, हे ज्यांच्याकडे लेझर प्रिंटर नाही त्यांना सांगून पटत नाही. पेनातली शाई गळली तर खिशाला डाग पडतो, विषय संपला. टोनरचं तसं नसतं. आधी कागदाच्या कडेला एक करडी रेघ यायला लागते. ती आपण चालवून घेतो. मग अक्षरांवर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके येतात. तेही चालवून घेतो, कारण कागद "आपल्यापुरताच" असतो. आणि मग एके दिवशी प्रिंटरचं झाकण उघडावं, तर आत बुक्क्याची पुडी फुटलेली! बोटांना, नाकाला, टेबलाला, आणि नकळत हात पुसला त्या पडद्यालासुद्धा. माझा असा अवतार बघून शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं होतं, "काय गं, पंढरपूरला जाऊन आलीस का?" :-)

गेल्या दोन-तीन महिन्यांत घरातल्याच तिघांनी मला हा प्रश्न विचारला. एक आत्या (ती हा ब्लॉग वाचते, म्हणून जपून लिहितेय), एक भाचा आणि एक व्याही. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकते. यातलं ज्ञान माझं नाही, दादाचं आहे. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. साताऱ्यात २००९ पासून कार्ट्रिज भरून देतो. सुट्टीत मावशीकडे गेलं की मी त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसते आणि प्रश्न विचारून त्याचं डोकं खाते. तोही बिचारा उत्तरं देतो.

तर आधी ही काळी पूड म्हणजे काय ते बघू. बरेच जण तिला शाई म्हणतात. ती शाई नाही, ते प्लॅस्टिक आहे! अतिशय बारीक दळलेलं प्लॅस्टिक, त्यात काजळी, थोडं मेण आणि आपल्याकडच्या बऱ्याचशा काळ्या-पांढऱ्या प्रिंटरांच्या बाबतीत लोहाच्या ऑक्साइडची भुकटी. एकेक कण साधारण पाच ते दहा मायक्रॉनचा. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. ही पूड कागदावर चिकटते ती ओलाव्याने नव्हे. आधी विजेच्या भाराने ती कागदावर ओढली जाते आणि मग गरम रोलरखालून जाताना वितळून बसते. म्हणून प्रिंटरमधून आलेला कागद कोमट लागतो.

ही सगळी करामत चेस्टर कार्लसन नावाच्या माणसाची. २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागातल्या एका खोलीत त्याने आणि त्याच्या मदतनिसाने गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा घासून त्यावर वीज भरली, त्यावर उजेड पाडला आणि बारीक पूड शिंपडून पहिली कोरडी नक्कल काढली. त्यावर तारीख आणि गावाचं नाव एवढंच लिहिलेलं होतं. आपण ज्याला सर्रास "झेरॉक्स काढून आण" म्हणतो, त्याचा जन्म तो.

पण गळतीशी खरा संबंध येतो तो पुढच्या एका कल्पनेचा. पूर्वीच्या कॉपी मशीनला सतत माणूस लागायचा. पूड भरायला, ड्रम पुसायला, उरलेली घाण काढायला. कॅननने १९८२ च्या सुमारास आपल्या छोट्या कॉपियरसाठी एक युक्ती काढली. ड्रम, पूड, पुसायची पट्टी आणि कचऱ्याचा कप्पा हे सगळं एकाच डब्यात बसवायचं. पूड संपली की डबाच टाकायचा, नवा बसवायचा. मेकॅनिक नको, काही नको. १९८४ साली एचपीचा पहिला लेझरजेट आला तोही कॅननच्याच यंत्रावर, अशाच डब्यासह. आज आपल्या घराघरांतल्या बारा-ए आणि अठ्ठ्याऐंशी-ए या त्याच घराण्यातल्या.

इथे दादाचं एक वाक्य आठवतं. "ताई, हा डबा एका जन्मासाठी बनवलाय. आपण त्याला पुनर्जन्म देतो, पण मागच्या जन्माचं पाप काढून टाकत नाही." (मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे, तरी दुकानात गिऱ्हाईक असलं की तो मला ताई म्हणतो.)

पाप म्हणजे वेस्ट. ड्रमवर जेवढी पूड येते तेवढी सगळी कागदावर जात नाही. थोडी ड्रमवरच राहते. ती तशीच राहिली तर पुढच्या पानावर मागच्या पानाचं भूत उमटेल. म्हणून ड्रमला टेकून एक रबरी पट्टी बसवलेली असते, वायपर ब्लेड. गाडीच्या काचेवर वायपर फिरतो तसंच, फक्त इथे पट्टी स्थिर आणि ड्रम फिरतो. पट्टी उरलेली पूड खरवडते आणि ती मागच्या एका बंद कप्प्यात पडते. कप्प्याच्या तोंडाशी खालून एक पातळ पारदर्शक मायलरची पट्टी असते, पडलेली पूड परत बाहेर येऊ नये म्हणून. आता हा कप्पा केवढा? डब्यात कंपनीने भरलेली पूड संपेपर्यंत जेवढा कचरा होईल तो मावेल एवढा. बारा-ए ची कंपनीने दिलेली क्षमता दोन हजार पानांची, तीही पानाचा फक्त पाच टक्के भाग काळा होतो असं धरून. म्हणजे एखादं साधं, छोटंसं पत्र. आपण पानभर मजकूर छापतो, वर फोटो, लोगो, काळी चौकट. असो.

आता हीच कार्ट्रिज कुणीतरी नुसती भरून दिली. वेस्टचा कप्पा उघडलाच नाही. दुसऱ्यांदाही तसंच. मग मागच्या कप्प्यात दोन-तीन जन्मांचा कचरा ठासून बसतो. त्याला जायला जागा नाही. मग तो वायपर ब्लेडच्या कडेने, मायलरच्या फटीतून, जिथून मिळेल तिथून बाहेर येतो. वरून ड्रमला वीज देणाऱ्या रोलरवर, म्हणजे पीसीआरवर, थर बसतो आणि सगळं पान करडं यायला लागतं. दादा म्हणतो की त्याच्याकडे "गळतेय" म्हणून येणाऱ्या कार्ट्रिजांपैकी बहुतेकींचं दुखणं हेच असतं. बाकी कारणं नंतर.

मग लोक वेस्ट का काढत नाहीत? कारण त्यासाठी डबा दोन भागांत सोडवावा लागतो. बारीक पिना काढायच्या, ड्रम उजेडापासून झाकून ठेवायचा, पीसीआर काढायचा, ब्लेडचे स्क्रू काढायचे, कप्पा रिकामा करून पुसायचा आणि पुन्हा सगळं जिथल्या तिथे. सवयीच्या माणसालाही वीस-पंचवीस मिनिटं लागतात. त्याऐवजी डब्याला तापलेल्या सोल्डरिंग गनने भोक पाडून, नरसाळ्याने पूड ओतून, वर चिकटपट्टी लावली की पाच मिनिटांत काम होतं. गिऱ्हाइकाला दोन्ही कार्ट्रिज दिसायला सारख्याच. पहिल्या दोनशे पानांत छापतातही सारख्याच. फरक पुढे कळतो, आणि तोवर पाच मिनिटंवाला पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलेला असतो.

आता २०१९ चा फेब्रुवारी. मावसबहिणीच्या साखरपुड्यासाठी मी साताऱ्यात होते. संध्याकाळी दादाला फोन आला. जवळच्या गावातल्या एका शाळेतून, तिथले मुख्याध्यापक बोलत होते. दहावीची हॉल तिकिटं शाळेनेच ऑनलाइन उतरवून, छापून, सही-शिक्का मारून मुलांना द्यायची असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटप ठेवलेलं, पालकांना बोलावलेलं. आणि छापायला घेतली तर प्रत्येक तिकिटावर मधोमध काळा पट्टा, नेमका मुलांच्या फोटोवरून गेलेला.

आता गंमत (दादाच्या दृष्टीने गंमत नव्हे) अशी, की ही शाळा पूर्वी त्याचंच गिऱ्हाईक होती. सहा-सात महिन्यांपूर्वी दुसऱ्या एकाने शंभर रुपये कमी सांगितले आणि काम तिकडे गेलं. शाळेलाही काय म्हणणार? किरकोळ खर्चाला मिळणारे पैसे ते किती, त्यातून खडू आणायचा की टोनर. पण दादाने त्या शाळेच्या जोरावर दर महिन्याचं एक गणित बांधलं होतं, ते कोसळलं होतं. त्या वर्षी त्याच्या मुलीची कॉलेजची फी भरायची होती. मावशीने फोन ऐकला आणि म्हणाली, "जाऊ नकोस. म्हणावं, आता त्यालाच बोलवा." दादा काही बोलला नाही. ब्लोअर, मास्क, एक नवा ड्रम, एक वायपर ब्लेड पिशवीत टाकलं आणि स्कूटर काढली. मी मागे बसले. साखरपुड्याच्या घरातून तेवढीच सुटका!

शाळेच्या ऑफिसात ट्यूबलाइटखाली त्याने आधी कार्ट्रिज उघडली नाही. आधी खराब तिकिटं टेबलावर ओळीने मांडली आणि नुसती बघत बसला. मुख्याध्यापक अस्वस्थ. "अहो, तेवढं लवकर..." "सर, कागदच सांगतोय काय झालंय ते, दोन मिनिटं." आणि मग त्याने मला जे दाखवलं ते मी त्या रात्रीच वहीत उतरवून ठेवलं होतं.

पानाच्या लांबीभर सलग उभी रेघ असेल तर वायपर ब्लेडला तिथे खाच पडलीय किंवा ड्रमवर तिथे गोल चरा आहे. डाग एकाच जागी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल तर पट्टी घेऊन अंतर मोजायचं. बारा-ए चा ड्रम २४ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे एका फेरीत साधारण साडेसात सेंटिमीटर. तेवढ्या अंतराने डाग आला तर ड्रमवर काहीतरी चिकटलंय किंवा टोचलंय. फक्त उजवी-डावी कड काळी होत असेल तर मॅग्नेटिक रोलरच्या दोन्ही टोकांची सील दबलीत. आणि ठिपके कुठेही, कसेही, शिवाय कागदाची मागची बाजूही मळकी असेल तर पूड मोकळी सांडतेय, वेस्ट भरलंय. त्या तिकिटांवर सलग पट्टाही होता आणि मोकळे ठिपकेही.

उघडल्यावर काय निघालं? वेस्टच्या कप्प्यात पूड इतकी दाबून बसली होती की उलटा केला तरी पडेना, चमच्याने काढावी लागली. आणि भरताना ब्लेडला बहुधा कुणीतरी पान्याचं टोक लावलेलं, बरोबर मध्यभागी एक बारीक खाच. बाजूला तापवून पाडलेलं भोक आणि त्यावर दोन थर चिकटपट्टी. दादाने ती चिकटपट्टी बघितली आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा पडला. मला हळूच म्हणाला, "हे बघितलं की लोक म्हणतात रिफिलिंग म्हणजे असंच. मग माझंही असंच."

त्याने सगळं बाहेर अंगणात नेऊन साफ केलं. ब्लेड बदललं, ड्रम बदलला. नवी ब्लेड कोरडी असते आणि ड्रम पहिल्यांदा फिरताना तिची कड उलटी दुमडू शकते, म्हणून तिच्या कडेला आधी थोडी पूड लावली. ही एवढीशी गोष्ट विसरली तरी नव्या सामानासकट गळती सुरू होते म्हणे. मग रोलरची टोकं कोरड्या फडक्याने पुसली, मोजून पूड भरली. हो, मोजून. त्याच्याकडे स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आहे. डबा गच्च भरला की पूड आत हलायला जागा उरत नाही, ती दाबाने रोलरच्या कडांतून बाहेर येते. बारा-ए मध्ये तो शंभर ग्रॅमच्या आसपास थांबतो. "जास्त भरा, पैसे देतो" म्हणणारे असतात, त्यांना तो नाही म्हणतो.

भोक बुजवायला त्याने चिकटपट्टी काढून तिथे प्लॅस्टिकचं बूच बसवलं. मग जोडलेली कार्ट्रिज पांढऱ्या कागदावर धरून चार बाजूंनी टिचक्या मारल्या. कागद कोरा राहिला. ड्रम गिअरला धरून दहा-बारा फेऱ्या फिरवला, नेहमी छपाईच्या दिशेनेच. उलटा फिरवला तर सील आणि ब्लेड दोन्ही बिघडतात. पुन्हा टिचक्या. पुन्हा कोरा. प्रिंटरच्या आतली सांडलेली पूड पुसून आधी पंधरा-वीस कोरी पानं सोडली. मग तिकिटं. एकशे बहात्तर मुलं होती. रात्री साडेअकराला शेवटचं तिकीट बाहेर आलं. शिपाईमामा आणि मी वर्गवार गठ्ठे बांधत होतो. एका तिकिटावरच्या मुलीने फोटोसाठी दोन वेण्या घालून रिबिनी बांधल्या होत्या. खराब गठ्ठ्यात तिच्याच तोंडावर पट्टा होता, मघाशी बघितलेला. आता स्वच्छ दिसत होती.

पैशांचं विचाराल, तर दादाने सामानाचे आणि नेहमीचे मजुरीचे सांगितले, रात्रीचे म्हणून जास्त नाहीत. मुख्याध्यापकांनी तिथल्या तिथे दिले. परत येताना मी म्हटलं, "आता शाळा परत मिळाली म्हणायची." तो म्हणाला, "जूनमध्ये बघू. तेव्हा पुन्हा कुणीतरी शंभर कमी सांगेल." जूनमध्ये शाळा परत आली. कोरोनात दीड वर्ष छापायलाच काही नव्हतं, ते वेगळं.

आता बाकीची कारणं भराभर सांगते. चुकीची पूड हे मोठं कारण. काळी दिसते म्हणून सगळी पूड सारखी नसते. कणाचा आकार, विजेचा भार, वितळायचं तापमान प्रत्येक यंत्रासाठी वेगळं. दुसऱ्या मॉडेलची स्वस्त पूड घातली की ती रोलरवर नीट धरत नाही आणि उडते. काही महाभाग वेस्टमधली काळी पूडच पुन्हा भरतात, "वाया कशाला घालवायची" म्हणून! तिच्यात कागदाचा भुसा असतो आणि भार धरायची ताकद गेलेली असते. यापेक्षा वाईट काही नाही. ड्रम आणि ब्लेडला वय असतं, दादा साधारण तिसऱ्या भरणीला दोन्ही बदलायला सांगतो आणि कार्ट्रिजवर मार्करने तारीख आणि कितवी भरणी ते लिहितो. तुम्ही बाहेर भरून घेत असाल तर तुम्हीही हे लिहून ठेवा, आणि भरणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: "वेस्ट काढता का?" उत्तर देताना तो कुठे बघतो त्यावरून सगळं कळतं.

नवीन कार्ट्रिजला आत एक सीलची पट्टी असते, जी आपण बसवण्याआधी ओढून काढतो. रिफिलला बहुतेक वेळा ती नसते. म्हणून भरलेली कार्ट्रिज कुरियरने पाठवणं, स्कूटरच्या डिकीत उभी कोंबणं हे गळतीला आमंत्रण. आडवी, काळ्या पिशवीत, खाली ड्रमला काही टोचणार नाही अशी न्यायची. उन्हात बंद गाडीत तर अजिबात ठेवू नका, पूड मऊ होऊन गुठळ्या धरते. पावसाळ्यात दमट कागदही त्रास देतो, रीम उघडी टाकू नका. (आत्या, हे तुझ्यासाठी.)

आणि सांडलीच तर? घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. कण इतके बारीक की पिशवीतून आरपार जाऊन खोलीभर पसरतात, आणि मोटारीजवळ अशी बारीक पूड पेट घेऊ शकते. कोरड्या फडक्याने हलके टिपा. कपड्यावर असेल तर आधी बाहेर झटका, मग थंड पाणी. गरम पाण्याने धुतलंत, इस्त्री फिरवलीत, की ते प्लॅस्टिक कापडावर छापलं गेलं म्हणून समजा! हातही थंड पाण्यानेच.

नाकातोंडाचं मात्र मला मनापासून सांगायचंय. दादाने पहिली सहा-सात वर्षं मास्क लावलाच नाही. ब्लोअर घेऊन गॅलरीत बसायचा. एकदा मावशीने गच्चीत कुरडया वाळत घातल्या होत्या, वाऱ्याची दिशा फिरली आणि त्या वर्षीच्या कुरडयांवर तीळ लावल्यासारखे दिसत होते. आम्ही सगळे हसलो होतो. पण तीच पूड त्याच्या छातीतही जात होती, त्यावर कुणी हसलं नाही, कारण तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं. काजळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने "कर्करोगकारक असू शकेल" अशा गटात ठेवलंय. दादाचा एक्स-रे स्वच्छ आहे, पण सकाळचा खोकला आहे. २०१६ मध्ये त्याच्या डॉक्टरांनी दटावल्यापासून तो मास्क आणि हातमोजे घालतो, खाली पाण्याचं घमेलं ठेवून त्यात वेस्ट ओततो, म्हणजे ती उडत नाही. मग ती पिशवीत बांधून वेगळी टाकतो.

धंदा आता पूर्वीसारखा नाही. पाच-सहाशेत नवी कोरी कंपॅटिबल कार्ट्रिज मिळते, घरोघरी इंक टँक आले, आणि नव्या लेझरच्या बऱ्याच कार्ट्रिजांना चिप असते. दादा आठवड्यातले चार दिवस सीसीटीव्ही बसवायला जातो. मंगळवार आणि शनिवार रिफिलिंग. भाव साडेतीनशे, वेस्ट काढून. "वेस्ट राहू दे, अडीचशेत कर" म्हणणाऱ्याला तो कंपॅटिबल कुठे मिळेल त्या दुकानाचा पत्ता लिहून देतो.